गावात दिवसा पोहोचायचं

दिवाळी संपली की आमच्या गोदामात परतीचा माल यायला लागतो. कुणाला घट्ट झालेले बूट, कुणाच्या घरी दोन-दोन आलेले मिक्सर, एकदाच उघडून पुन्हा चिकटपट्टी मारलेले खोके. सणाआधी दापोड्याच्या रस्त्यावर ट्रकांची जी रांग हलता हलत नाही, ती विरून जाते. भिवंडीजवळच्या आमच्या राहनाळ गावाच्या कडेला उरलेल्या चार-दोन शेतांतून कापलेल्या भाताचा वास येतो. खाडीकडून धुकं येतं आणि त्या धुक्यात पत्र्याच्या गोदामांच्या ओळी अशा दिसतात, की इथे कुणीतरी मोठाल्या बोटी ओढून आणून ठेवल्यात असं वाटावं. काल सकाळी ऑफिसला जाताना तो वास आला आणि मी स्कूटर बाजूला घेतली. मागच्या वर्षीचा हिवाळा आठवला.

त्या हिवाळ्यात, ठाण्याची एक फेरी सोडली तर, मी राहनाळच्या घरातून दापोड्याच्या ऑफिसात आणि ऑफिसातून घरी एवढंच फिरले होते. तरी तो हिवाळा म्हटला की मला घाट आठवतात, पूल आठवतात, पाण्यात उभी असलेली भाताची खाचरं आणि किनाऱ्यावरचे मिठाचे ढीग आठवतात. सगळे परक्या देशातले, आणि सगळे तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलेले.

माझं काम गाड्यांचे रस्ते आखायचं. कुठला ट्रक कुठल्या गावांतून जाईल, आधी कुठे माल उतरवेल, नंतर कुठे. शेवटी उतरायचा माल आधी भरायचा. शहरात दिवसा जड गाड्यांना बंदी असते, म्हणून गाडी रात्री उशिरा आत शिरेल अशा बेतानं सोडायची. हे सगळं मी खुर्चीवर बसून, फारसं कुणाशी न बोलता करते. बोलणं मला आधीपासूनच जड जातं. शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे इंग्रजीच बोलायचा नियम, घरी आईची गावची बोली. दोन्हीकडे चूक होईल या भीतीनं मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. नकाशाशी मात्र माझं जमतं. तो काही विचारत नाही.

मंदीच्या दिवसांत दुपारी कामच नसतं. अशाच एका दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचा नकाशा हाताखालून सरकला आणि मी त्याला सरकू दिलं. नागपूर गेलं, कोलकाता गेलं, समुद्र आला, मग डोंगर, मग परत समुद्र. समुद्राला लागून एक देश दिसला. लांबच लांब, अरुंद, भिंतीला टेकून कुणी वाट बघत उभं असावं तसा. व्हिएतनाम. शाळेच्या नकाशात तो बोटाच्या पेरात मावत होता. मी जवळ गेले, आणखी जवळ गेले, आणि त्या पेरातून गावं निघायला लागली. गावांतून रस्ते, रस्त्यांवर पूल, पुलांखाली नद्या, प्रत्येक नदीला नाव. मी तिथे किती वेळ बसले होते कोण जाणे. एवढं सगळं तिथे रोज चालू असतं आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. हसू येईल, पण त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला होता.

मग मी रोज तिकडे जायला लागले. कुणाला सांगितलं नाही. हळूहळू एक बेत आकाराला आला. उत्तरेकडून निघायचं आणि दक्षिणेला जायचं. विमान फक्त जायला आणि यायला, मधलं सगळं जमिनीवरून. आगगाडी, बस, लागलं तर होडी. सुट्टी मिळेल ती पुढच्या मंदीत, म्हणजे एक पूर्ण वर्ष हाताशी होतं. एकटीनं जायचं, असं मी मनात धरलं होतं.

घरात मात्र त्या दिवसांत वेगळंच चाललं होतं.

आमचं भाताचं शेत मी लहान असतानाच गोदामांच्या गाळ्यांना गेलं. शेताच्या जागी पत्र्याची छपरं आली आणि आलेल्या पैशातून पप्पांनी ट्रक घेतला. इंदूर, नागपूर, हैदराबाद, बंगळुरू. आठवड्यातून एखादा दिवस ते घरी असत, तोही झोपेत जायचा. मग साखरेच्या आजारानं त्यांच्या डाव्या डोळ्याची नजर गढूळ केली. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. ट्रक विकला गेला आणि पप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले. समोरच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. आवाजावरून त्यांना कळायचं की गाडी भरलेली आहे की रिकामी.

दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसायला ते तयार नव्हते. एकदाच बसले होते, डोळ्याच्या तपासणीला जाताना, रिक्षात. सगळा रस्ता त्यांचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता.

"अरे ब्रेक! ब्रेक मार! आंधला हाय का?"

"चाचा," रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "आप ही आगे आ जाओ. मैं पीछे बैठता हूँ, आराम से."

पप्पा अंजूरफाट्याच्या अलीकडे उतरले ते परत चालत घरी आले. त्यानंतर फाटकाच्या बाहेर त्यांचं पाऊल पडलं नाही. पडघ्याला पुतणीचं लग्न झालं, आई एकटी गेली. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना बाहेर काढा, हे असेच बसून राहिले तर पाय जातील आणि मनही जाईल. आई ते मला सांगताना चुलीपाशी पाठमोरी उभी होती. आमच्याकडे गॅस आहे, पण मागच्या पडवीत आईनं चूल ठेवलीय. रडायचं असलं की ती तिथे जाते, धुराचं निमित्त असतं.

म्हणजे त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच प्रश्न होता. हा माणूस पुन्हा बाहेर पडेल का? तो कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

एका संध्याकाळी मी ओट्याच्या पायरीवर बसून फोनमध्ये रस्ता बघत होते. पप्पा खुर्चीत. मला वाटलं त्यांचा डोळा लागलाय.

"कुठं लावतेस गाडी?" त्यांनी विचारलं.

"गाडी नाही पप्पा. असंच."

"असाच रस्ता कोन बघतं? कुठला हाय?"

मी खोटं बोलू शकले असते. पण नकाशाबद्दल खोटं बोलणं जमलं नाही. "व्हिएतनाम," मी म्हणाले. "मला जायचंय. पुढच्या वर्षी. बसनं, आगगाडीनं, सावकाश."

मी मनात उत्तरं जुळवत होते. कुणाबरोबर, कशाला, लग्नाचं काय, पैसे कुठून. पप्पांनी मान वळवली. डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही म्हणून हल्ली ते सगळं तोंडच वळवून बघतात.

"रस्ता कसा हाय?" त्यांनी विचारलं.

एवढंच. मला अजूनही त्या प्रश्नाचं नवल वाटतं. मी वर सरकून त्यांच्या खुर्चीजवळ बसले आणि फोन त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरला.

तिथून आमच्या संध्याकाळी सुरू झाल्या. फोनमध्ये रस्त्यांची छायाचित्रं असतात, बाण दाबला की आपण थोडं पुढे सरकतो, आणखी दाबला की आणखी पुढे. तसे आम्ही हनोईतून बाहेर पडलो. पहिल्याच चौकात पप्पा ओरडले, "अगं, ही सगली राँग साइडनं चालली!" तिथे उजवीकडून चालतात हे मी समजावलं. त्यांना ते पटायला दोन संध्याकाळी लागल्या. समोरून गाडी आली की ते अजूनही अंग चोरायचे. मग त्यांना मजा यायला लागली. टायर बघून ते सांगायचे, याच्यात माल जास्त भरलाय. दुकानांच्या पाट्या आम्हा दोघांना वाचता येत नव्हत्या, पण पंक्चरचं दुकान त्यांनी लगेच ओळखलं. "टायर टांगलाय दारात. जगात सगलीकडं हीच पाटी."

पप्पांचा जुना सोबती शकीलचाचा अधूनमधून चहाला यायचा. तो अजून गाडीवर होता. त्यानं आल्या आल्या ऐकलं आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"क्या बालू शेठ, सुना है इंटरनॅशनल परमिट निकाला?"

"तू गप रे. चाय पी."

"नहीं, मतलब अच्छा है. पर उधर ढाबे पे दाल-तडका मिलेगा क्या? वो लोग तो सुना है मेंढक भी खाते."

"तू भिवंडीच्या हॉटेलात काय खातोस ते कवा बघितलंस काय?" पप्पा म्हणाले, आणि शकीलचाचा असा हसला की चहा बशीत सांडला. पप्पांना असं कुणाला उडवून लावताना मी ट्रक विकल्यापासून पहिल्यांदाच बघत होते. आई दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

त्या देशाच्या मधोमध एक घाट आहे, हाई वान. त्या नावाचा अर्थ समुद्राचे ढग, असं मी कुठेतरी वाचलं. आम्ही त्या घाटाला लागलो तेव्हा छायाचित्रांतही धुकं होतं. एक वळण, एक बाण. एकीकडे झाडीनं भरलेला उभा डोंगर, दुसरीकडे खाली सरळ समुद्र. कसारा घाटात आयुष्य काढलेला माणूस प्रत्येक वळणावर थांबत होता. "इथं दुसरा गिअर," ते पुटपुटायचे. "इथं हॉर्न द्यायचा, समोरचा दिसत न्हाय." माथ्यावर पोहोचलो आणि ढग फाटलेले निघाले. खाली वळत गेलेला किनारा, त्याच्या पलीकडे निळं पाणी आणि पाण्याच्या कडेनं, डोंगराला चिकटून, एक आगगाडी. मुंगीएवढी.

पप्पांनी माझा हात धरून फोन जवळ ओढला. "बाय," ते म्हणाले, "हे खरं हाय ना? कुनी चितारलेलं न्हाय ना?"

"खरं आहे."

"मंग तिथं आता पन असंल. आता, या टायमाला."

मला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जे झालं होतं तेच त्यांना होत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आम्ही दोघंही कुणी बघत असलं की लगेच मिटणारी माणसं.

भाताच्या शेतांपाशी मात्र ते अडून राहिले होते. घाटाच्या कितीतरी आधी, निन्ह बिन्ह गावाजवळचा एक छोटा रस्ता होता. दोन्ही बाजूंना पिवळं भात, मागे काळे कातळडोंगर, आणि रस्त्यावरच वाळत टाकलेला पेंढा. एक बाई पेंढ्यावरून पाय ओढत चालली होती, तोंड फडक्यानं गुंडाळलेलं. आमच्या राहनाळचं छायाचित्र कुणी काढून ठेवलं नाही. मला आमचं शेत आठवतं ते तुकड्या-तुकड्यांनी. बांधावरचं शेवग्याचं झाड, पायाला लागणारा गार चिखल, आई मला टोपलीत बसवून ठेवायची ती सावली. पप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ मला पुढचा बाण दाबू दिला नाही. ओट्यासमोरून एक भरलेला ट्रेलर गेला, घराच्या काचा थरथरल्या. त्यांनी वर बघितलं नाही.

हळूहळू माझा बेत त्यांचा झाला. मी तक्रार केली नाही. खरं तर मला ते हवंच होतं, आणि मनातून एकटीनं जाण्याचा विचार कधी गळून पडला तेही कळलं नाही. ते सांगायचे, मी आखायची. कुठून निघायचं, कुठे थांबायचं, कुठून वळायचं. दोघंही या कामातले. मला अभिमान वाटत होता की असा बेत कुणाचाच नसेल. कुठेही उलटा फेरा नाही, कुठेही वेळ फुकट नाही.

एका रविवारी आई वालाच्या शेंगा सोलत होती. पप्पा म्हणाले, "हिला वाचून दाखव, सगला रूट." मी वाचायला लागले. पहाटे निघायचं. रात्री उशिरा पोहोचायचं. गावाबाहेरच्या बायपासला मुक्काम. पहाटे निघायचं. पुढच्या शहरात रात्री उशिरा. पुन्हा बायपास.

आईचा हात थांबला. "रोज रात्रीच पोचनार?"

"शहरात दिवसा घुसायचं न्हाय," पप्पा म्हणाले. "नो एन्ट्री असते."

"कोनाला?"

पप्पा काही बोलायच्या आधी मीच बोलले, आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. "जड गाड्यांना."

आईनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग ती हसायला लागली. शेंगा मांडीवरून खाली गेल्या. "अगं माजे बाय! तुमी मान्सं हाव का ट्रक? विमानात बसून एवढं लांब जानार आनि त्यांचा देस कालोखात बघनार? बायपासला बसून?"

मीही हसले. माझ्यासारखी शिकलेली मुलगी, इतके दिवस ते कागदावर बघत होते आणि एकदाही खटकलं नव्हतं. माणसं कुठल्याही गावात दिवसा, उजेडात, सरळ चालत जाऊ शकतात, ही गोष्ट आमच्या डोक्यातून निघूनच गेली होती.

पप्पा हसत नव्हते. ते हातातली एक शेंग उलटसुलट करत होते.

"मी इंदूर बघितलं न्हाय," ते म्हणाले.

"काय बोलताव?" आई म्हणाली. "हजार वेला गेलाव."

"गेलो. रात्री घुसायचं, माल उतरवायचा, उजाडायच्या आत भाएर. इंदूर कसं दिसतं, मला ठाऊक न्हाय. हैदराबाद पन न्हाय. नागपूरचं स्टेशन दिव्यात बघितलंय." त्यांनी शेंग सुपात टाकली. "लोक इचारायचे, बालू, तू सगला भारत बघितला असशील. मी हो बोलायचो."

दूर भिवंडीकडून यंत्रमागांची खटखट येत होती, ती रोजच असते म्हणून ऐकू येत नाही, त्या वेळी आली. मला लहानपणी वाटायचं की पप्पा म्हणजे भूगोलाचं पुस्तक आहेत. शाळेत बाई नकाशात शहर दाखवायच्या आणि मी मनात म्हणायची, इथे माझे पप्पा गेलेत. एवढा मोठा देश ते आडवा-उभा ओलांडत राहिले, आमच्यासाठी, आणि त्यांना दिसला तो फक्त पुढच्या दिव्यांच्या उजेडात मावेल तेवढा. त्यांची कीव करावी असं मला वाटलं नाही. काहीतरी फार मोठं समोर आहे आणि आपण खूप लहान आहोत, असं वाटलं. घाटाच्या माथ्यावर वाटलं होतं तसंच.

"खोड सगलं," पप्पा मला म्हणाले. "नवीन कर. प्रत्येक गावात दिवसा पोचायचं."

"मग एका दिवसात किती जायचं?"

"जेवढं दिसंल तेवढं."

दुसरा बेत करायला खूप वेळ लागला, कारण असा बेत आम्हाला कुणालाच येत नव्हता. एका गावात बसायला वेळ ठेवायचा म्हणजे किती, कशासाठी? पप्पांचं म्हणणं, बाजार उघडताना बघायचा आणि बंद होताना बघायचा. मी संथ गाड्या शोधायला लागले, छोट्या स्टेशनांवर थांबणाऱ्या. आई म्हणायची मला यात ओढू नका. मग एका संध्याकाळी मी दक्षिणेचा किनारा दाखवत होते आणि ती पाठीमागून वाकली.

"ते काय? ते पांढरं?"

मिठागर होतं. न्या त्रांग शहराच्या वरच्या अंगाला, समुद्राच्या कडेला चौकोनी वाफे, आणि वाफ्यांतून खांद्यावर कावड घेऊन चाललेल्या बायका, कावडीच्या दोन्ही टोपल्यांत मिठाचे ढीग. आईचं माहेर खाडीकाठचं. तिच्या घरची सगळी आगरात राबायची. लग्न होईपर्यंत तीही अनवाणी मीठ ओढायची. तिच्या टाचांच्या भेगा अजून भरलेल्या नाहीत.

"बूट घातलेत!" आई म्हणाली. "बघ, बघ. मिठात बूट!"

"रबराचे असतात."

"आमाला कुनी दिलं न्हाय बूट." ती फोन हातात घेऊन त्या बायकांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "कावड चुकीची धरलीय हिनं. असं धरलं तर खांदा जाईल. हिला कुनीतरी सांगायला पायजे."

"चल मग," पप्पा म्हणाले. "सांगून ये."

"मीठ बघायला विमानात बसू? गावात हसतील मला."

पण त्या दिवसानंतर तिनं बेतातून अंग काढलं नाही. मिठाच्या गावी दोन दिवस जास्त हवेत, असं तिनं मला पप्पांच्या नकळत येऊन सांगितलं.

आणि मग, बेत पूर्ण होत आला तेव्हा, पप्पांनी सहज बोलावं तसं सांगितलं, "तुमी दोगी जावा. मी इथून फोनवर रस्ता सांगन. मला सगला पाठ झालाय."

आत जाऊन मी अंथरुणावर बसून राहिले. इतके दिवस मी समजत होते की ते घराबाहेर निघालेत. ते ओट्यावरच होते. आम्ही अख्खा देश त्यांच्या खुर्चीपाशी आणून ठेवला होता, मग ते उठतील कशाला? बाणाच्या गाडीला ब्रेक लागत नाही, तिला दुसरा कुणी चालवतही नाही. खऱ्या बसमध्ये कुणीतरी अनोळखी माणूस पुढे बसणार, आणि पप्पांना मागे बसावं लागणार. त्याच एका गोष्टीवर सगळं अडलं होतं, पहिल्या दिवसापासून.

मी वाद घातला नाही. पासपोर्टसाठी तिघांची एकाच दिवसाची वेळ घेतली आणि जेवताना सांगितलं, "ठाण्याला जावं लागेल. फोटो तिथेच काढतात. तुमचाही."

आई ताटाकडे बघत राहिली. पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला.

"रिक्षा नको," ते म्हणाले.

"नाही. रिक्षा नाही."

"बसला जरा उंच बसायला मिलतं."

"हो," मी म्हणाले.

बसमध्ये पुढची जागा मिळाली नाही. आई बायकांच्या जागेवर बसली. पप्पांना आणि मला मागे, डाव्या बाजूची खिडकी. काल्हेर येईपर्यंत त्यांचा पाय बसच्या तळाला दाबलेला होता. हात पुढच्या सीटच्या दांड्यावर, बोटांची पेरं पांढरी. चालकानं एकदा जोरात ब्रेक मारला आणि पप्पा अर्धे उठले. मला वाटलं, आता उतरणार. इथेच. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. मोठी झाल्यावर मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं.

"बघा ना बाहेर," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

डाव्या खिडकीतून बघायचं तर त्यांना उजवा डोळा तिकडे न्यावा लागतो, म्हणजे सगळं अंगच वळवावं लागतं. ते वळले. पुढचा रस्ता नजरेआड झाला. तेवढ्यात बस कशेळीच्या पुलावर चढली.

खाली खाडी होती. हिवाळ्याच्या सकाळचं ऊन पाण्यावर पडलं होतं, कडेची तिवरांची झाडी गच्च हिरवी, चिखलावर बगळे, आणि मधोमध एक होडी, तिच्यात उभा राहून जाळं झटकणारा माणूस. मीही या पुलावरून जाताना तिकडे कधी बघत नाही. पप्पांच्या पायाचा जोर कधी सुटला ते मला दिसलं नाही. त्यांचं कपाळ काचेला टेकलं होतं.

पूल संपल्यावर ते म्हणाले, "एवढी रुंद हाय?"

"तुम्ही तर रोज जायचात इथून."

"पुलावर बघायचं ते पुढच्या गाडीचं ढुंगन. खाडी कोन बघतो?"

पासपोर्टच्या ऑफिसात फोटो निघाले, अंगठे उठले, आईनं डोळे मिटले म्हणून तिचा फोटो पुन्हा काढला. पुढे पासपोर्ट घरी आले, तिकिटंही निघाली. संक्रांतीनंतर आम्ही तिघं जाणार आहोत आणि आईनं रबरी बूट घेऊनही ठेवलेत. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी परत येताना, संध्याकाळी, बस पुलाजवळ आली तसे पप्पा आपणहून उठले.

"काका, स्टॉप पुढं आहे," कंडक्टर म्हणाला.

"मंग पुढं उतरव. आमी मागं चालत येऊ."

"अहो, पुलावर कोन उतरतं?" आई म्हणाली, पण पिशवी सांभाळत तीही उतरली.

आम्ही कठड्याच्या कडेनं चालत मागे आलो. भरलेले ट्रक अगदी खेटून जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी सगळा पूल पायाखाली थरथरत होता. मला भीती वाटत होती. आई मला कठड्याकडे खेचत होती. येऊरच्या डोंगरांमागे सूर्य उतरला होता आणि खाडीचं पाणी तांबूस झालं होतं, वाऱ्याला चिखलाचा, मिठाचा वास. भरती लागली होती. समुद्राकडून पाणी आत येत होतं, आवाज न करता, चिखलाच्या एकेका भेगेत शिरत, होड्यांना उचलत, आमच्या गावाच्या दिशेनं. पप्पांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

"चला आता," आई म्हणाली. "कालोख पडंल."

"थांब जरा," पप्पा म्हणाले. "काय घाई हाय?"